वणव्याच्या मेसेजची पोच कोण देणार?

प्रति,
आमच्या भागात वणव्याच्या सूचना पाठवणारी यंत्रणा बांधणारी आणि चालवणारी सर्व मंडळी

विषय : वणव्याच्या मोसमाआधी सूचनेची चाचणी एकदा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, येऊन घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमधल्या एका दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मी जेवून पडवीत आडवा झालो होतो. मेसेज तुमचा होता, इंग्रजीत. मराठी अक्षरांत लिहायचा तर असा : ‘फायर अलर्ट. लॅट १६.४१, लाँग ७३.५२. टाइम ०८१०. कॉन्फिडन्स नॉमिनल.’ वाडीतल्या आणखी सहा जणांना तोच आला होता. पाच-दहा मिनिटांत आम्ही सगळे पारावर जमलो आणि एसएससीच्या पेपरातला उतारा वाचावा तसा तो मेसेज वाचत बसलो.

‘सकाळी आठ-दहाला मी स्वतः सड्यावर गुरं सोडून आलोय, तेव्हा काही नव्हतं,’ एक जण म्हणाला. निवृत्त गुरुजी म्हणाले, ‘नॉमिनल म्हणजे नाममात्र. नाममात्र आग असेल, विझलीही असेल.’ शेजारच्या काकी त्यांचा बटणाचा फोन हातात धरून उभ्या होत्या. ‘मेसेज इलो, पण खंय आग लागली ता कळाक नाय,’ असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी सगळ्यांत नेमकं तेवढंच बोललं गेलं. गुरुजींचं म्हणणं आम्हाला सोयीचं होतं. ऊन मी मी म्हणत होतं. आम्ही घरी गेलो.

आमची वाडी देवगड तालुक्यात, सड्याच्या पश्चिमेला, खाली. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो आणि सड्यावरचा धूर पूर्वेला जातो, आमच्याकडे येत नाही. माझी बाग नेमकी पूर्वेच्या उतारावर. चारच्या सुमाराला पलीकडच्या गावातून फोन आला तेव्हा आग बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडून आत शिरली होती. काजूची त्रेसष्ट झाडं गेली, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७, धरायला लागून पाच-सहा वर्षं झालेली. हापूसची अकरा कलमं करपली. त्यातल्या तिघांना पावसाळ्यात फुटवा आला, बाकीची उभी आहेत पण उभी असण्यापलीकडे काही नाही.

०८१० ही वेळ ग्रीनिचची होती. साडेपाच तास मिळवले की दुपारचे एक चाळीस. आणि नॉमिनल म्हणजे नाममात्र आग नव्हे, तर आग असल्याची नेहमीइतकी खात्री. म्हणजे मेसेज शिळा नव्हता, आग जिवंत होती आणि आमच्या हाताशी जवळजवळ एक तास होता. टहाळे, म्हणजे पानांच्या फांद्या, घेऊन दहा माणसं वर गेली असती तर गडग्याच्या अलीकडे पट्टा साफ करून तिला अडवता आलं असतं, असं जुनी माणसं म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

इथे एक कबुली देतो. गावी परतण्यापूर्वी मी अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. यूटीसी, म्हणजे ही ग्रीनिचची वेळ, आणि आपली वेळ यांच्या घोळावर मी स्वतः दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत. मला पारावर कळायला हवं होतं. रात्री अकराला, हातापायाला राख लागलेली असताना कळलं. तेव्हा हे पत्र कुणावर खापर फोडायला नाही, म्हणूनच तुमचं नावही घेतलेलं नाही.

मी नंतर तुमच्याकडे चौकशी केली. तुमच्या माणसाने सौजन्याने नोंदी काढून दाखवल्या. सात मेसेज, सातही ‘यशस्वी’. यंत्रणा सुरू करताना चाचणी घेतली होती का, असं विचारलं. घेतली होती. सकाळी अकरा वाजता, कार्यालयात, तुमच्याच चार जणांच्या फोनवर ‘टेस्ट मेसेज, कृपया दुर्लक्ष करा’ असा मजकूर पाठवून. चारही फोन वाजले. चाचणी पास.

माझं सगळं म्हणणं या चाचणीबद्दल आहे. आग शोधण्याबद्दल माझी तक्रार नाही. आकाशातून आग दिसते, ही गोष्ट मी लहान असताना कुणी सांगितली असती तर आजीने त्याला देवचार लागला म्हटलं असतं. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांवरून जंगलातल्या आगी टिपतंय. त्यांच्याकडे नाव नोंदवलं तर तुमच्या-माझ्यासारख्यालाही सूचना मिळते. नासाची माहिती जगभर खुली आहे. पूर्वी मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा असायचा, आता व्हीआयआयआरएस या नव्या उपकरणाचा ३७५ मीटरचा असतो. ते वाहणारे उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. त्यांनी पाहिलेलं जमिनीवर येऊन, छाननी होऊन हाती पडायला तीन तासांपर्यंत लागू शकतात. या वेळेत आपण कुणीच काही करू शकत नाही. त्या दिवशी तर दीड तासाच्या आतच मेसेज आला, म्हणजे वरच्या मंडळींनी त्यांचं काम चोख केलं. वाया गेला तो शेवटचा टप्पा, तुमच्या सर्व्हरपासून काकींच्या बटणाच्या फोनपर्यंतचा. आणि नेमका तोच तुमच्या ताब्यात आहे.

एका सर्व्हरने दुसऱ्याकडे सूचना ढकलली की पलीकडून उत्तर येतं, ‘२००’. तुमच्या नोंदवहीत तिथे हिरवी खूण पडते. पण २०० म्हणजे चिठ्ठी दाराच्या फटीतून आत पडली, एवढंच. घरात कुणी आहे का, त्याला वाचता येतं का, तो चष्मा शोधतोय का, हे त्या आकड्याला माहीत नसतं. पुष्कळ सेवा चिठ्ठी घेतल्याबरोबर २०० म्हणून मोकळ्या होतात आणि पुढचं काम मागाहून करतात, किंवा करत नाहीत. म्हणून पहिली विनंती अशी की पलीकडच्या दाराने मुद्दाम दगा दिला तर काय होतं, ते एकदा बघा. खोटा पत्ता द्या. तीस सेकंद उत्तरच देऊ नका. ‘फार मेसेज येताहेत, थांबा’ असं सांगणारा ४२९ परत पाठवा. अशा वेळी तुमची यंत्रणा पुन्हा प्रयत्न करते का, किती वेळाने करते, आणि शेवटी हात टेकले तर कुठल्या माणसाला उठवते? की नुसतीच एक लाल ओळ कुठेतरी लिहून ठेवते, जी सोमवारी कुणीतरी वाचणार? पुन्हा पाठवताना तीच आग दोनदा जात नाही ना, हेही त्यातच कळेल.

टेलिग्रामचं एक उदाहरण सांगतो, कारण आमच्या शेजारच्या गावाने ते भोगलंय. तिथल्या ग्रुपवर तुमचा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्रॅम, सूचना टाकायचा. डिसेंबरात कुणीतरी नव्या सदस्यांना जुन्या गप्पा दिसाव्यात म्हणून सेटिंग बदललं. त्या एका बदलाने साधा ग्रुप आतल्या आत सुपरग्रुप होतो आणि त्याचा क्रमांक बदलतो. ग्रुप तोच, माणसं तीच, फोटोही गणपतीचाच, पण बॉट जुन्या क्रमांकावर हाका मारत राहिला. डिसेंबर ते मार्च एकही सूचना आली नाही आणि यंदा वणवे कमी आहेत असं वाटून लोक खुशीत होते. व्हॉट्सॲपची तऱ्हा आणखी वेगळी. संस्थेच्या खात्यावरून पाठवायचं तर समोरच्याने चोवीस तासांत काही लिहिलेलं नसेल तेव्हा फक्त आधी मंजूर करून घेतलेला साचाच जातो. चाचणीच्या दिवशी तुम्ही आणि मी एकमेकांना ‘आला का?’, ‘आला’ करत असतो, त्यामुळे साध्या मजकुरालाही वाट मोकळी मिळते. तीन महिन्यांनी, शांत पडलेल्या फोनवर, तोच मजकूर अडतो. म्हणजे चाचणी घेतल्यामुळेच चाचणी पास होते!

एसएमएसवर जरा थांबतो, कारण सड्यावर इंटरनेट नसतं आणि एसएमएस तेवढा कधीमधी पोचतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी संस्थांच्या एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो. नोंदवलेल्या मजकुरात एक शब्द इकडचा तिकडे झाला की मेसेज वाटेतच गळतो. ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवून न ठेवलेली लिंकही चालत नाही. तेव्हा ‘टेस्ट मेसेज, कृपया दुर्लक्ष करा’ पोचला याचा अर्थ फक्त तो साचा नोंदलेला आहे असा. आगीचा साचा, नकाशाच्या लिंकसह, खराखुरा जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही. दुसरं म्हणजे, मराठीत पाठवा हा आग्रह मी धरणारच, पण त्याची किंमतही सांगतो. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यापुढे तुकडे पडतात आणि तुकडा ६७ चा होतो. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते हे विसरू नका. रेंज एक काडी असेल तर एक तुकडा मागे रेंगाळतो आणि पूर्ण मेसेज तो आल्यावरच दिसतो. काकींच्या फोनवर तर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. हे मी त्यांच्या नातवाकडून एक मेसेज पाठवून घेऊन बघितलं. तुम्ही बघितलंय का?

म्हणून सत्तर अक्षरांत बसेल असं लिहावं लागेल, आणि त्यात लॅट-लाँगला जागा नाही. आमच्याकडे प्रत्येक सड्याला, पाणंदीला, आंब्याच्या जुन्या झाडाला नाव आहे. ‘वेताळाचा सडा, वरची बाजू’ म्हटलं की सहावीतलं पोरही बोट दाखवेल. तुमच्या नकाशात ती नावं नाहीत हे खरं, पण ती आमच्या तोंडात आहेत. एका दुपारी बसून चाळीस नावं आणि त्यांचे अक्षांश-रेखांश तुम्हाला करून देतो, फुकट. मग तुमच्या प्रोग्रॅमने जवळचं नाव शोधून मेसेजमध्ये घालायचं.

आकडे द्यायचेच तर त्यांचा क्रम तपासा. काही साधनं आधी अक्षांश मागतात, काही आधी रेखांश. उलटापालट झाली तर ७३.५२ उत्तर आणि १६.४१ पूर्व हा बिंदू नॉर्वेच्या वरच्या समुद्रात पडतो, स्वालबार्डच्या वाटेवर. मी गंमत म्हणून नकाशावर टाकून पाहिला. आमचा जांभ्याचा सडा बर्फाळ पाण्यात तरंगताना बघून हसू आलं. पण नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या पडद्यावर असाच ठिपका उमटला, तर तो ‘हे आपल्या हद्दीत नाही’ म्हणून बाजूला सारेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

हद्दीचा विषय निघालाच आहे तर बोलून घेतो. कोकणात सड्यांची आणि बागांची जमीन बहुतेक खासगी मालकीची. त्यामुळे आग लागली की आधी ती कुणाची, हा प्रश्न पडतो. वनखातं, महसूल, ग्रामपंचायत, मालक. मालक पुष्कळदा मुंबईत. आगीला सातबारा वाचता येत नाही. सूचनेने तरी तो वाचू नये. ठिपका कुठल्याही सर्व्हे नंबरात पडो, वाडीला कळवा. यादीवरच्या माणसांचं तेच. आमच्या यादीत ज्या वनरक्षकांचा क्रमांक आहे त्यांची बदली होऊन वर्ष झालं. ते भले गृहस्थ आहेत, मेसेज आला की मला घाटावरून फोन करून विचारतात, ‘काय हो, सगळं ठीक ना?’ त्यांचा फोन सुरू असतो, त्यामुळे तुमच्याकडे हिरवी खूण पडते. दर मोसमाआधी यादीतल्या प्रत्येकाला एक मेसेज पाठवून ‘१’ असं उत्तर मागवा. ज्याचं येणार नाही त्याला फोन करा. पोच याला म्हणतात.

आता उलट बाजू. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे राब भाजतात. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर कवळ, पातेरा, शेण पसरून मुद्दाम लावलेली आग. ती वणवा नव्हे, पण वारा फिरला तर होऊ शकते. तापलेला उघडा कातळही कधी कधी उपग्रहाला फसवतो. त्यात मोठा वणवा असेल तर ३७५ मीटरचा एकेक ठिपका म्हणजे एकेक सूचना. दोन किलोमीटरची आग असली तर फोन थांबायचं नाव घेत नाही. तिसऱ्या मेसेजनंतर माणूस फोन उलटा ठेवतो. म्हणजे चाचणीत एकच बनावट ठिपका टाकून भागणार नाही. एका दुपारी एकमेकांशेजारचे वीस ठिपके टाका आणि वाडीला किती मेसेज जातात ते मोजा. एक जायला हवा. आग पुढे सरकली तर दुसरा. विझली तर ‘विझली’ म्हणून तिसरा, जो आजवर मला एकदाही आलेला नाही. आपत्ती सूचनांसाठी जगभर वापरला जाणारा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल आहे, आपली सरकारी आपत्ती-सूचना यंत्रणा ‘सचेत’ही त्यावरच चालते. त्यात आधीची सूचना बदलायची आणि रद्द करायची सोय मुळातच आहे. तुम्ही शून्यातून काही शोधायची गरज नाही.

त्याच प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक सूचनेवर ती खरी आहे, सराव आहे की चाचणी, हे लिहायची वेगळी जागा असते. कारण लोक घाबरतील हा तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, फोनवर तुम्ही तो घेतलाही होता. २०२३ च्या जुलैमध्ये दूरसंचार विभागाने देशभर फोनवर कर्कश भोंगा वाजवून नमुना सूचना पाठवली होती, आठवतंय? माझी आई तेव्हा देवघरात होती. तिने फोन तांदळाच्या डब्यात घातला आणि झाकण लावलं. पण मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की ही चाचणी आहे. तासाभरात सगळी वाडी त्यावर हसत होती, आणि आज विचारा, तो आवाज कसला हे प्रत्येकाला माहीत आहे. माणसं एकदा घाबरली तरी चालतील. फक्त ‘चाचणी’ हा शब्द मेसेजच्या अगदी सुरुवातीला घाला, शेवटच्या तुकड्यात नको. आणि पुढच्या सगळ्या साधनांतून तो तसाच जातो ना, बघा. नाहीतर तुमच्याकडून चाचणी म्हणून निघालेलं नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर खरी आग म्हणून उगवायचं आणि अग्निशमनाचा बंब निघायचा. याच्या उलट झालं तर आणखी वाईट. चाचणीची खूण काढायची राहून गेली आणि खरी आग ‘चाचणी’ म्हणून गेली तर काय, याचा विचार मी रात्री झोपताना करत नाही.

तर मागणं एवढंच. नोव्हेंबरअखेर, सड्यावरचं गवत पिवळं पडलं की एक दिवस ठरवा. आग लावायची नाही. तुमच्या यंत्रणेच्या अगदी तोंडाशी, जिथे उपग्रहाची माहिती येते तिथे, वेताळाच्या सड्यावरचा एक बनावट ठिपका टाका. मधल्या कुठल्याही पायरीवरून नको. वेळ दुपारी दोनची, माणसं जेवून आडवी झालेली असतात तेव्हाची. वाडीला दिवस सांगू, वेळ सांगणार नाही. तुमच्यातला एक जण कार्यालयात बसेल, एक जण वर सड्यावर उभा राहील. मी काकींच्या ओट्यावर घड्याळ घेऊन बसेन. पहिला माणूस टहाळा घेऊन सड्याच्या चढाला लागेल तेव्हा घड्याळ थांबवायचं. तोवर नाही. मेसेजच्या शेवटी वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट मदतवाहिनीचा १९२६ आणि ११२ हे क्रमांक असतील तर त्यातला एक फिरवूनही बघू, अर्थात तिथे आधी कळवून.

दुसरी फेरी शिमग्याच्या आठवड्यात घ्यावी असं मला वाटतं. तेव्हा गवत कोळशासारखं पेटाऊ असतं, वाडीत मुंबईकर भरलेले असतात, त्यांचे क्रमांक कुठल्याच यादीत नसतात, आणि पालखी नाचत असताना ढोलांच्या आवाजात खिशातला फोन वाजलेला कुणाला कळत नाही. त्या दिवशी मेसेज देवळातल्या स्पीकरपर्यंत जायला हवा. स्पीकर कुणाच्या हातात असतो हे मानकऱ्यांना विचारून ठेवलंय. ते तयार आहेत. फक्त पालखी सहाणेवर बसल्यानंतर घ्या, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते मला रास्त वाटलं.

येणार असाल तर चार दिवस आधी कळवा. जेवण आमच्याकडे, मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूची उसळ, उरलेल्या झाडांची. वर जाताना टोपी आणि पाणी घ्या, सड्यावर सावली नाही. आणि पत्र मिळाल्याची तेवढी पोच द्या. हिरवी खूण नको, दोन ओळी लिहा.

आपला,
एक काजू-आंबा बागायतदार
देवगड तालुका, सिंधुदुर्ग